नदीवरील संसार

शिडाचें गलबत म्हटलें कीं मनश्चक्षूंपुढें समुद्र उभा राहतो. अथांग पाणी, वाऱ्यानें फुगलेलें शीड आणि क्षितिजापर्यंत कोठें अडथळा नाहीं, असें तें चित्र असतें. परंतु युरोप खंडांत अशींहि जोडपीं आहेत, कीं जीं आपली शिडाची होडी नद्यांच्या वाटेनें शेंकडों कोस नेतात. होडींतच तीं राहतात, होडींतच रांधतात, आणि उत्तर समुद्राच्या तीरावरून निघून सुमारें साडेतीन हजार किलोमीटरांनंतर काळ्या समुद्रावर उतरतात. ज्या होडीची डोलकाठी वाटेच्या बऱ्याच भागांत आडवी निजवून ठेवावी लागते, ती होडी घेऊन नदीवर जाण्यांत काय स्वारस्य असावें, असा प्रश्न कोणासहि पडेल. त्याचें उत्तर कांहीं अंशीं नदीच्या स्वभावांत आहे आणि कांहीं अंशीं दोन माणसांच्या सहवासांत आहे.

या मार्गानें गेलेल्या जोडप्यांपैकीं नेग्ली फार्सन आणि त्यांच्या पत्नी ईव्ह यांचा प्रवास विशेष प्रसिद्ध आहे. फार्सन यांचा जन्म १८९० सालीं अमेरिकेंत झाला. पहिल्या महायुद्धांत ते ब्रिटिश विमानदळांत होते. ईजिप्तमध्यें त्यांचें विमान कोसळलें, आणि त्या वेळीं पायाला झालेल्या दुखापतीनें जन्मभर त्यांची पाठ सोडली नाहीं. ईव्ह या 'ड्रॅक्युला' कादंबरीचे कर्ते ब्रॅम स्टोकर यांच्या पुतणी. फार्सन पुढें मोटारट्रकांच्या व्यापारांत चांगल्या हुद्द्यावर होते. ती जागा सोडून १९२५ सालीं हीं उभयतां 'फ्लेम' नांवाच्या सव्वीस फुटी शिडाच्या होडींतून हॉलंडमधून निघालीं, आणि राईन, माईन, बव्हेरियांतील कालवा व डॅन्यूब या वाटेनें काळ्या समुद्राला पोहोंचलीं. या प्रवासावरील त्यांचें 'सेलिंग ॲक्रॉस युरोप' हें पुस्तक १९२६ सालीं प्रसिद्ध झालें.

सव्वीस फूट म्हणजे मुंबईच्या चाळींतील दोन खोल्यांच्या बिऱ्हाडाएवढी लांबी. आणि रुंदी तर एका खोलीहूनहि कमी. एवढ्या जागेंत अंथरूण, स्वयंपाक, कपडेलत्ते, दोर, शिडें, पिण्याचें पाणी आणि दोन माणसें यांची सोय लावावयाची असते. 'फ्लेम' ही यॉल जातीची होडी होती. म्हणजे तिला मध्यभागीं एक मोठी व अगदीं मागें एक लहान अशा दोन डोलकाठ्या होत्या. तिच्या तळाला कायमचा खोल कणा नव्हता. पाहिजे तेव्हां खालीं सोडावें व नको तेव्हां वर ओढून घ्यावें असें एक पातें होतें. समुद्रांत वारा एका बाजूनें ढकलूं लागला म्हणजे असें पातें होडीला तिरपी वाहवूं देत नाहीं. आणि नदींत वाळूचा बांध आडवा आला म्हणजे तें वर ओढून गुडघा-मांडीभर पाण्यांतूनहि वाट काढतां येते. नदीवर जाणाऱ्या होडीला हा गुण फार मोलाचा आहे.

आतां नदीवरील प्रवासाचें गणित पाहूं. होडीच्या वेगाला निसर्गानेंच एक मर्यादा घातलेली आहे. पाणी कापीत जातांना होडी आपल्या नाळेपाशीं एक लाट उठविते. वेग वाढेल तशी ती लाट लांबत जाते. आणि ती होडीएवढी लांब झाली म्हणजे होडी जणूं आपणच खणलेल्या खळग्यांत अडकून पडते. त्यामुळें पाण्याच्या रेषेवर बावीस फूट लांब असलेली होडी ताशीं साडेअकरा किलोमीटरांच्या पलीकडे सहसा जात नाहीं. नदीचा प्रवाह ताशीं आठ किलोमीटरांचा आहे असें धरलें, तर प्रवाहाविरुद्ध चढणाऱ्या होडीच्या पदरांत तासाला अवघे साडेतीन किलोमीटर पडतात. उतरणाऱ्या होडीला मात्र साडेएकोणीस मिळतात. पस्तीस किलोमीटरांचें अंतर चढावयास दहा तास आणि उतरावयास दोन तासांहूनहि कमी! होडी तीच, माणसें तींच. फरक केवळ तोंड कोणीकडे आहे याचा.

म्हणूनच ही वाट पश्चिमेकडून पूर्वेकडे धरणें सोयीचें असतें. रॉटरडॅमपासून माइन्झपर्यंत राईनचा सुमारें पांचशें किलोमीटरांचा चढ, पुढें बांबेर्ग शहरापर्यंत माईन नदीचा पावणेचारशें किलोमीटरांवर चढ, आणि डोंगरमाथा ओलांडल्यावर डॅन्यूबची सुमारें चोवीसशें किलोमीटरांची उतरण. उलट दिशेनें जाऊं पाहणाऱ्यास ती सारी उतरण चढावी लागते. त्यामुळें पुष्कळ जोडपीं परत येतांना त्या नदीची वाट धरीत नाहींत. बॉस्पोरसमधून भूमध्यसमुद्रांत उतरतात आणि खंडाला वळसा घालून घरीं येतात.

शिडाचा उपयोग मात्र या वाटेवर थोडा. दऱ्याखोऱ्यांत वारा नदीच्या वळणांबरोबर वळतो, टेकडीआड गेला कीं नाहींसा होतो आणि पुढच्या वळणावर समोरून येऊन उभा राहतो. समुद्रावर समोरचा वारा असला तरी नागमोडी वाटेनें पुढें जातां येतें. नदींत त्यासाठीं रुंदी नसते, आणि असली तर तेथें मालवाहू जहाजांची रहदारी असते. शिवाय पूल आहेत. कालव्यावरील पुलांखालीं सुमारें सहा मीटर मोकळी जागा मिळते. लहान होडीचीहि डोलकाठी त्याहून उंच असते. मग ती उतरवून छपरावर लांकडी घोड्यांच्या आधारानें आडवी बांधावी लागते, आणि शिडाची होडी एखाद्या बिऱ्हाड हालविणाऱ्या गाडीसारखी दिसूं लागते. अशा वेळीं भिस्त लहानशा इंजिनावर असते.

परंतु सर्वांत मोठें कोडें पुढेंच आहे. राईनचें पाणी उत्तर समुद्रास मिळतें आणि डॅन्यूबचें काळ्या समुद्रास; दोहोंच्या मध्यें बव्हेरियाचा डोंगरमाथा आहे. होडीनें डोंगर चढावा तरी कसा? शार्लमेन बादशहानें इ. स. ७९३ मध्यें येथें कालवा खणावयास आरंभ केला होता. त्या खणतीचे अवशेष अजून दिसतात. तें स्वप्न पुरें होण्यास हजारांवर वर्षें लागलीं. बव्हेरियाचा राजा पहिला लुडविग यानें १८३६ सालीं बांबेर्ग ते केल्हाइम असा कालवा हातीं घेतला, आणि तो १८४६ सालीं रहदारीस खुला झाला. लांबी सुमारें १७२ किलोमीटर आणि त्यावर शंभर लॉक!

लॉक म्हणजे पाण्याचा जिना. कालव्यांत दोन मजबूत दरवाज्यांच्या मध्यें एक दगडी कोठी असते. वर चढणारी होडी खालच्या दरवाज्यानें आंत येते, दरवाजा मिटतो, वरच्या बाजूचें पाणी झडपांतून कोठींत सोडलें जातें, पाण्याबरोबर होडी वर येते, मग वरचा दरवाजा उघडतो आणि होडी पुढें जाते. यांत पंप लागत नाहीं, होडीला कोणी उचलीत नाहीं. पाणी आपल्या स्वभावानें समपातळी शोधतें, एवढ्यावर सारें काम होतें. बांबेर्गकडून सुमारें १८० मीटर चढावयाचें आणि डॅन्यूबकडे सुमारें ८० मीटर उतरावयाचें, अशा २६० मीटरांना शंभर पायऱ्या. म्हणजे एकेक पायरी सरासरी अडीच मीटरांहून थोडी अधिक. फार्सन पति-पत्नी याच जिन्यानें गेलीं.

या कोठींत काय घडतें तें श्रोत्यांनीं नीट लक्षांत घ्यावें, कारण नदीवरील संसाराचें मर्म तेथें सांपडतें. पाणी आंत शिरतांना खळबळतें. होडी भिंतीवर आपटूं नये किंवा आडवी फिरूं नये म्हणून एकानें पुढचा व दुसऱ्यानें मागचा दोर भिंतीवरील खुंट्याला अडकवून धरावयाचा असतो. परंतु तो बांधून टाकावयाचा नसतो. पाणी उतरत असतां कोणीं दोर पक्का बांधला, तर पाणी खालीं जातें आणि होडी दोराला लोंबकळत राहते. एका बाजूला कलते, खुंटे उखडतात, आंतील माणूस पाण्यांत पडूं शकतो. उलट दोर हातांतून सुटला तर होडी वाटेल तशी भरकटते. म्हणून दोर धरावयाचा, पण पाण्याच्या चालीनें क्षणोक्षणीं सोडीत वा ओढीत राहावयाचा. पुढच्यानें लवकर सोडला आणि मागच्यानें उशिरां, तर होडी तिरपी होते. इंजिनाच्या आवाजांत बोललेलें ऐकूं येत नाहीं. तेव्हां हाताच्या खुणा अगोदर ठरलेल्या असाव्या लागतात, आणि दुसरा आपलें काम करीत आहे हा विश्वास धरूनच प्रत्येकाला आपला दोर सांभाळावा लागतो.

समुद्रावर चूक झाली तर ती सुधारावयास भोंवतीं पाणी पुष्कळ असतें. नदींत काठ जवळ, तळ जवळ आणि दुसरें जहाजहि जवळ. येथें एकमेकांवर आवाज चढविण्यास निमित्तें पदोपदीं मिळतात; आणि रुसून दुसऱ्या खोलींत जावें तर दुसरी खोली नाहीं. सुकाणू धरणाऱ्याला पुढें बसलेल्याच्या डोळ्यांवांचून वाट दिसत नाहीं, आणि पुढें बसलेल्याच्या हातीं सुकाणू नसतें. अशा स्थितींत दररोज आठ-दहा तास काढल्यावर जीं जोडपीं संध्याकाळीं काठाला लागून शांतपणें जेवावयास बसतात, त्यांनीं कांहीं तरी साधलें असें म्हणावयास हरकत नाहीं.

लुडविग कालव्याचें पुढें काय झालें? आगगाडीच्या स्पर्धेंत तो मागें पडला. दुसऱ्या महायुद्धांत त्याची मोडतोड झाली, आणि १९५० सालीं तो सोडून देण्यांत आला. माईन नदीचेंहि रूप पालटलें. फार्सन गेले त्या काळीं माईनच्या वरच्या भागांत नदीच्या तळाशीं लांबच लांब सांखळी टाकलेली असे, आणि ओढणाऱ्या बोटी ती सांखळी यंत्रानें गुंडाळीत व मागें सोडीत प्रवाहाविरुद्ध सरकत. ती पद्धति १९३६ सालीं बंद पडली. पुढें बंधारे व लॉक बांधून माईन नदी १९६२ पर्यंत थेट बांबेर्गपर्यंत मोठ्या जहाजांस योग्य करण्यांत आली.

२५ सप्टेंबर १९९२ रोजीं माईन-डॅन्यूब हा नवा कालवा पुरा झाला. लांबी जुन्याएवढीच, १७१ किलोमीटर. परंतु लॉक शंभरांऐवजीं अवघे सोळा. प्रत्येक कोठी १९० मीटर लांब आणि १२ मीटर रुंद. त्यांतील तीन ठिकाणीं तर होडी एका दमांत जवळजवळ पंचवीस मीटर, म्हणजे आठ मजली इमारतीएवढी वर जाते. माथ्यावरील पाणी समुद्रसपाटीपासून ४०६ मीटर उंचीवर आहे. बहुतेक कोठ्यांशेजारीं तळीं बांधलेलीं आहेत. खालीं सोडावयाचें पाणी त्यांत सांठवून पुढील खेपेस पुन्हां वापरतात, आणि निम्म्याहून अधिक पाणी वांचवितात. भिंतीवरचे कित्येक खुंटेहि आतां पाण्याबरोबर खालींवर सरकतात, त्यामुळें दोर सांभाळणें पूर्वीपेक्षां सोपें झालें आहे. तरी दोर बांधून टाकावयाचा नाहीं हा नियम आजहि तोच आहे. खुंटा मध्येंच अडकला तर गांठ काल होती तितकीच आजहि घातक.

केल्हाइमपाशीं होडी डॅन्यूबमध्यें उतरते. या नदीवर एक गंमत आहे. डॅन्यूबचे आंकडे मुखापासून उलटे सुरू होतात. सुलिना येथें शून्य, बेलग्रेडला सुमारें ११७०, बुडापेस्टला सुमारें १६५०, व्हिएन्नाला सुमारें १९३०. उतरणाऱ्या जोडप्याला काठावरच्या पाट्यांवर हे आंकडे दररोज घटत जातांना दिसतात. कोणतेंहि पंचांग न पाहतां प्रवास किती उरला हें नदीच सांगते.

नदीवर थोरामोठ्यांचा मान राखावा लागतो. मालवाहू जहाजांचे तांडे कित्येकदां दोनशें मीटरांहून लांब असतात. तसा तांडा भरला असतां त्याला चटकन थांबतां येत नाहीं कीं वळतां येत नाहीं. म्हणून लहान होडीनें त्यांच्या वाटेंतून बाजूस व्हावें असा नियम आहे. दुसरा नियम अधिक विचार करण्यासारखा आहे. दोन जहाजें समोरासमोर आलीं, तर कोणीं कोणत्या बाजूनें जावें हें प्रवाहाविरुद्ध चढणारें जहाज ठरवितें. नेहमींची बाजू बदलावयाची असेल तर तें एक निळी पाटी व लुकलुकणारा पांढरा दिवा दाखवितें, आणि उतरणाऱ्यानें तें मान्य करावयाचें असतें. वळणाच्या आंतल्या बाजूस प्रवाह मंद असतो; चढणाऱ्याला तो आधार मिळावा हा त्यांतील हेतु. ज्याचे श्रम अधिक त्याला वाट निवडण्याचा अधिकार, असा हा न्याय आहे.

डॅन्यूबवरील सर्वांत भयंकर जागा म्हणजे कार्पेथियन पर्वतांतील 'लोहद्वार'. सर्बिया व रुमानिया यांच्या मधील त्या खिंडींत एके ठिकाणीं एवढी मोठी नदी सुमारें दीडशें मीटर रुंदीच्या चिंचोळ्या वाटेनें जाते. फार्सन दांपत्य आलें तेव्हां तेथें खडक, भोंवरे आणि १८९६ सालीं खणलेला एक कालवा होता. त्या कालव्याची धार इतकी वेगवान होती कीं, वर चढणाऱ्या जहाजांस काठावरून आगगाडीचें इंजिन ओढीत असे. वाटेंत अडा काले नांवाचें बेट होतें; त्यावर तुर्की वस्ती, मशीद आणि बाजार होता. पुढें तेथें प्रचंड धरण झालें आणि १९७२ सालीं त्याचें उद्घाटन झालें. भोंवरे आणि खडक खोल पाण्याखालीं निजले, आणि त्यांच्याबरोबर अडा काले व ओर्शोव्हाचें जुनें गांवहि बुडालें. आज जोडपीं तेथून शांत सरोवरावरून जावें तशीं जातात. बुडालेल्या बाजारावरून आपली होडी चालली आहे, हें मात्र माहीत असणाऱ्यालाच कळतें.

धोके गेले असें नाहीं. त्यांनीं रूप बदललें. धरणाच्या खालच्या भागांत उन्हाळ्याअखेर पाणी उतरलें कीं वाळूचे बांध वर येतात आणि वाट दर वर्षीं नव्यानें शोधावी लागते. २०२२ च्या अवर्षणांत प्राहोव्हो गांवाजवळ १९४४ सालीं जर्मनांनीं स्वतःच बुडविलेलीं युद्धनौकांचीं सांपळे दारूगोळ्यासह पाण्याबाहेर डोकावलीं. त्याच वर्षीं युक्रेनमध्यें युद्ध पेटलें, आणि काळ्या समुद्रांत भरकटलेले सुरुंग सांपडूं लागले. म्हणजे नदीचा शेवट गांठणाऱ्यांना पुढच्या समुद्राचीहि चिंता आली. आजकालच्या होड्यांना आणखी एक सोय आहे. डॅन्यूबवरील चेर्नावोडा येथून काळ्या समुद्राकडे १९८४ सालीं खुला झालेला चौसष्ट किलोमीटरांचा कालवा आहे. त्यानें मुखाजवळचा मोठा वळसा वांचतो. तो कालवा संपला कीं दोघें मिळून कित्येक आठवडे निजलेली डोलकाठी पुन्हां उभी करतात, आणि होडी पुन्हां शिडाची होते.

या शंभर वर्षांत वाट सुकर झाली, परंतु एक गोष्ट कमी झाली. लुडविग कालव्याच्या काठानें राखणदारांचीं लहान लहान घरें असत. प्रवाशाला त्यांच्या दारांत थांबावें लागे, हातानें दरवाजा ढकलावा लागे, दोन शब्द बोलावे लागत. आज राखणदार प्रवाशापासून दूर असतो. प्रवासी बिनतारी यंत्रावर परवानगी विचारतो आणि हिरवा दिवा दिसला कीं आंत शिरतो. काम लवकर होतें, ओळख होत नाहीं. म्हणून शहाणीं जोडपीं मुक्कामाला घाई करीत नाहींत. काठावरच्या गांवांत भाजी घेणें, पिण्याचें पाणी भरणें, कोळ्याला पुढच्या वळणावरील वाळूविषयीं विचारणें, या निमित्तांनीं तीं गमावलेली ओळख परत मिळवितात. पुस्तकांतील नकाशा गेल्या वर्षींचा असतो. कोळ्याला आजचें पाणी ठाऊक असतें.

फार्सन यांनाहि काठावरचीं माणसें पाहण्याची हीच संवय उपयोगी पडली. या प्रवासानंतर ते 'शिकागो डेली न्यूज' या पत्राचे परदेशांतील वार्ताहर झाले; आणि १९३० च्या जून महिन्यांत मुंबईच्या एस्प्लनेड मैदानावर सत्याग्रहींवर झालेला लाठीमार त्यांनीं स्वतः पाहून त्याचें वर्णन अमेरिकेंत धाडलें. मार खात असतांहि जागचे न हललेले शीख स्वयंसेवक त्यांच्या लेखणीमुळें सातासमुद्रांपलीकडच्या वाचकांना दिसले. डॅन्यूबच्या काठीं होडी बांधणाऱ्या त्या गृहस्थाचा मुंबईशीं असा ऋणानुबंध आहे.

शिडाची होडी नदीवर नेण्यांत काय स्वारस्य, हा आरंभींचा प्रश्न होता. वारा अनुकूल असतां शीड उभारणें कोणासहि आवडेल. परंतु शीड उतरवून, डोलकाठी निजवून, दुसऱ्याच्या दरवाज्यापाशीं आपली पाळी येईपर्यंत थांबून आणि पाण्याची पातळी पाहून जी होडी पुढें जाते, तिच्यांतील माणसांना वाऱ्यापेक्षां एकमेकांवर अधिक विसंबावें लागतें. दोर हातांत धरावा, पण त्याची गांठ मारूं नये, हा लॉकमधील नियम ज्यांना साधला, त्यांचा सव्वीस फुटांचा संसार एका समुद्रापासून दुसऱ्या समुद्रापर्यंत सुखरूप पोहोंचतो.